जिन्यातली विचारपूस

फोरमनने आयुष्यात कधी कुणाला "कसे आहात?" म्हणून विचारलं नव्हतं. पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग खातं त्याच्या हाताखाली होतं. तिथल्या माणसांना तो दोनच प्रश्न विचारायचा: "झालं का?" आणि "का नाही झालं?" निवृत्तीच्या दिवशी लोकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या, त्या तो चालला म्हणून. हे त्यालाही कळत होतं आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. माणसं त्याला आवडत नसत. माणसं बोलतात, हा त्याचा मुख्य आक्षेप होता.

असला हा माणूस म्हातारपणी अख्ख्या इमारतीचा लाडका झाला.

त्याचं असं झालं. इमारत चार मजली, लिफ्ट नाही, आणि फोरमन राहायला तिसऱ्यावर. एकदा बटाट्यांची पिशवी घेऊन चढताना पहिल्याच मजल्यावर त्याच्या छातीचा भाता बसला. वर्षानुवर्षं वेल्डिंगचा धूर आणि त्यावर उतारा म्हणून सिगारेटचा धूर, असा दुहेरी कारभार केलेली छाती ती. हवा आत जाईना आणि गेलेली बाहेर येईना. कठडा धरून, ओठांचा चंबू करून तो फू फू करत उभा राहिला आणि नेमकं तेव्हाच शिंपीणकाकूंनी दार उघडलं. काकू विधवा. नवऱ्याचं शिवणयंत्र अजून चालवायच्या, आणि तोंड यंत्राहून जोरात. बाईमाणसाने आपल्याला धापा टाकताना पकडावं म्हणजे भर चौकात पॅन्ट सुटल्यासारखं. फोरमनने काहीतरी बोलायचं म्हणून, काकूंचा हात जिथे होता तिथे बघत एकच शब्द बाहेर ढकलला.

"गुडघा?"

काकूंचे डोळे भरून आले. गुडघ्याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पोटच्या पोराने नाही, सुनेने नाही, डॉक्टरने तर नाहीच. त्या सांगत सुटल्या. गुडघ्यावरून नवऱ्यावर गेल्या, नवऱ्यावरून त्याच्या पोलादी कात्रीवर आणि कात्रीवरून ती कात्री पळवणाऱ्या नणंदेवर. फोरमन गप्प उभा होता, कारण त्याला गप्प राहण्यावाचून इलाज नव्हता. छाती जागेवर आली तसा तो "बरं" म्हणाला आणि वर गेला.

दुसऱ्या मजल्यावर तोच प्रकार. तिथे निवृत्त मास्तर राहायचे. ते आत्मचरित्र लिहीत होते आणि ते कुणीही ऐकत नव्हतं. "लेखन?" एवढंच फोरमन म्हणाला. मास्तरांनी त्याला आख्खं बालपण वाचून दाखवलं, गोवरासकट.

फोरमन कारखान्याचा माणूस. युक्ती चालते म्हटल्यावर त्याने ती कायमची बसवली. प्रश्न एका शब्दाचा हवा, कारण दोन शब्दांपुरती हवा नसायची. उत्तर लांबलचक यायला हवं. गुडघा? नणंद? लेखन? रस्त्यावरही तसंच. दूधकेंद्रापर्यंत जायचं तर मध्ये घड्याळवाला, चांभार आणि इस्त्रीवाली. "मुलगी?" "धंदा?" "वीज?" जिथे जिथे छाती बसायची तिथे तिथे एकेका माणसाचं नशीब उघडायचं. बोलणारा बोलतो आणि फोरमन ओठांचा चंबू करून, मान हलवत, डोळे मिटून ऐकतो. त्याला श्वास हवा असायचा. लोकांना वाटायचं, याला गहिवर येतोय.

"मोजकं बोलतात, पण काय माया आहे हो माणसात!" इमारत म्हणायला लागली. एका माणसाच्या फुफ्फुसांचं वाटोळं झालं तेव्हा कुठे त्या इमारतीत कुणीतरी कुणाचं ऐकून घेतलं, ही त्या इमारतीची लायकी. पण असलं कोण बोलणार? त्यांनी फोरमनला एकमताने अध्यक्ष केलं. तो नाही म्हणाला नाही. नाही म्हटल्यावर कारण सांगावं लागतं, आणि कारण म्हणजे लांबलचक वाक्य.

खरं सांगायचं तर त्याला ते आवडायलाही लागलं होतं. माणसं नव्हे, माणसांचे नमस्कार. आयुष्यभर पाठीमागे शिव्या खाल्लेल्या माणसाला तोंडावर नमस्कार मिळायला लागले की त्याची चटक लागते, सिगारेटसारखीच.

मग लिफ्टचं निघालं.

चौथ्या मजल्यावर जुळी पोरं असलेलं एक जोडपं राहायला आलं होतं. एक पोर कडेवर, एक पाठीवर आणि दुधाच्या बाटल्या दातांत धरून ती आई जिना चढायची. त्यांनी अर्ज दिला, लिफ्ट बसवा म्हणून. लिफ्टची जागा म्हणजे जिन्याच्या पोटातली मोकळी जागा. आणि त्या मोकळ्या जागेत तळमजल्यावरच्या शेटचे कमोड. शेट नळ आणि कमोड विकायचा. दुकानात न मावलेले कमोड जिन्याखाली मांडून ठेवायचा, फुकटात. लिफ्ट आली की कमोड रस्त्यावर येणार. पण शेट कमोडचं नाव काढणाऱ्यातला नव्हता. शेट माणुसकीचं नाव काढायचा.

"लिफ्टने माणूस माणसाला तुटतो," तो दारोदार सांगत फिरला. "आपले अध्यक्ष बघा. या वयात रोज जिना चढतात, दारोदारी विचारपूस करतात. उद्या लिफ्ट आली तर कोण कुणाचं दार वाजवणार?"

एवढ्यावर थांबला नाही. त्याने फोरमनचा जिन्यातला फोटो काढला आणि मोठा करून कमोडच्या वरच चिकटवला. एक हात कठड्यावर, ओठांचा चंबू, गाल आत गेलेले. खाली छापलं होतं: "शीळ घालत जिना चढणारे आमचे अध्यक्ष! आपल्याला लिफ्ट कशाला?"

फोरमनच्या बायकोने तो फोटो नीट पाहिला. ती वर आली आणि नवऱ्यापुढे उभी राहिली.

"अहो, तुम्ही शीळ कधीपासून घालायला लागलात?"

"आपोआप... होते."

"ओठ निळे पडेपर्यंत? आणि हे शर्टाचं शेवटचं बटण हल्ली का लावत नाही? आंघोळ बसून का करता? थंडीतली ती सर्दी महिनाभर का टिकली?"

"तुझं आपलं काहीतरीच."

"उद्या छातीच्या डॉक्टरकडे. आणि नाही म्हणायचं असेल तर पूर्ण वाक्यात म्हणा, मधे श्वास न घेता."

फोरमनने तोंड उघडलं आणि मिटलं.

छातीच्या दवाखान्यात भिंतीवर पाटी होती: नातेवाइकांनी बाहेर बसावे. बायकोला कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवलं आणि फोरमन आत गेला. ही पाटी लिहिणाऱ्याचा त्याने मनातल्या मनात सत्कार केला.

डॉक्टरीण बाई तरुण, चष्मेवाल्या, आणि घाईत. त्यांनी एक छापील कागद पुढे ओढला. खोकला, कफ, छाती आवळणं, जिना, घरातली कामं, झोप. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्यायचे. शून्य म्हणजे काही नाही, पाच म्हणजे फार.

"खोकला?"

"शून्य. सकाळी घसा साफ करतो तेवढंच."

"कफ?"

"घशातला."

"एक जिना चढलात तर दम लागतो?"

"कधीच नाही."

"मधे थांबावं लागतं?"

"थांबतो की. लोक भेटतात."

"घरातली कामं करताना त्रास?"

"कामंच करत नाही," फोरमन म्हणाला. आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

बाईंनी शून्यांची माळ ओवली. मुळात प्रश्न कोणाला विचारतो आहोत याची काळजी कागदाला नसतेच. जिना चढणं सोडून दिलेल्या माणसाला जिन्यात दम लागत नाही; कामाला हात न लावणाऱ्याला कामाचा त्रास होत नाही. त्या कागदाच्या हिशेबाने गावातले सगळ्यात निरोगी लोक अंथरुणाला खिळलेले असणार. फोरमन खूश झाला. पहिला पेपर सोपा गेला.

दुसरा पेपर यंत्रावर होता. ते यंत्र सांभाळणाऱ्या बाई आडव्या बांध्याच्या, आवाज रहदारीच्या पोलिसासारखा. त्यांनी फोरमनच्या नाकाला चिमटा लावला आणि तोंडात नळी दिली.

"छाती भरून घ्या काका! घ्या, घ्या, घ्या, आणि आता फुंका! जोरात! फुंका फुंका फुंका! संपली वाटली तरी फुंका! अजून! काका, मान टाकू नका, फुंका!"

फोरमनच्या डोळ्यांपुढे वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या. त्यांनी तीनदा फुंकवलं. मग पंपाचं औषध ओढायला लावलं, बाहेर बसवलं, पुन्हा आत घेतलं आणि पुन्हा फुंकवलं. आयुष्यभर लोकांवर ओरडल्याचा हिशोब त्या दिवशी चुकता झाला.

डॉक्टरीण बाईंनी पडद्यावरची रेघ दाखवली. "निरोगी छातीची रेघ अशी सरळ घसरगुंडीसारखी उतरते. तुमची बघा, झोळीसारखी लोंबतेय. तुमच्या वयाच्या, उंचीच्या माणसाची पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडायला हवी, त्याच्या छत्तीस टक्केच तुमची पडते. पंपानंतरही तेवढीच."

"छत्तीस म्हणजे पास," फोरमन म्हणाला. "पस्तीसला पास असतं."

बाईंनी चष्मा काढला. "काका, यंत्र म्हणतं तुमचा आजार गंभीर आहे. कागद म्हणतो तुम्ही हरणासारखे पळता. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि यंत्राला इज्जत नसते. चला, चालून दाखवा."

तिसरा पेपर कॉरिडॉरमध्ये. दोन टोकांना दोन खुर्च्या. सहा मिनिटं त्यांच्यामध्ये जमेल तितक्या फेऱ्या मारायच्या. बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा. फुंकवणाऱ्या बाई घड्याळ घेऊन मागे.

फोरमन सुटला तो कारखान्यात राउंडला निघाल्यासारखा, ताठ आणि तरातरा. पहिली खुर्ची वळला, दुसरी वळला, आणि छातीचा भाता बसला. समोर एक बाई फरशी पुसत होती.

"फिनेल?" फोरमन थांबून म्हणाला.

"काय सांगू साहेब," तिने फडकं खांद्यावर टाकलं, "इतकं पाणी घालून देतात की वासच येत नाही. मी म्हटलं त्यांना..."

"काका, चालायचंय! गप्पा नंतर!" मागून पोलिसी आवाज आला.

फोरमन पुढे गेला. प्लास्टरवाला एक माणूस चाकाच्या खुर्चीत बसला होता. "पाय?" फोरमनने विचारलं. प्लास्टरवाल्याने स्कूटरपासून सुरुवात केली. "काका!" फोरमन पुढे. आग विझवण्याच्या नळकांड्याशी तो थांबला आणि त्यावरच्या सूचना प्रेमाने वाचू लागला. नळकांडं काही सांगत नव्हतं, तरी त्याने दोनदा मान हलवली. "काका, चला!" तो निघाला. आता डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बाक दिसला, बाकाची पाठ त्याने धरली. बाकावर कुणीतरी बाईमाणूस बसलं होतं. ओठांचा चंबू करून, मायेने वाकून, फोरमनने विचारलं:

"गुडघा?"

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," बायको म्हणाली. "चाळीस वर्षांत आज विचारलंत."

फुंकवणाऱ्या बाईंनी चिमट्याकडे बघितलं आणि फोरमनला धरून खाली बसवलं. आकडा चौऱ्याऐंशीवर आला होता. डॉक्टरीण बाई धावत आल्या. त्यांनी फिनेलवाली पाहिली, प्लास्टरवाला पाहिला, नळकांडं पाहिलं आणि हातातल्या कागदावरच्या शून्यांवर एक लांब काट मारली. मग कागद बायकोच्या हातात दिला. "आता तुम्ही सांगा."

बायको सांगायला लागली आणि शून्यांचे चार झाले, चारांचे पाच झाले. मध्येच ती थांबली आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"म्हणजे त्या शिंपीणबाईचा गुडघा..."

फोरमनने मान खाली घातली.

"आणि मास्तरांचा गोवर? तो घड्याळवाला? तुम्हाला कुणाची कणभर काळजी नव्हती?"

"नाही."

"हुश्श!" बायको म्हणाली. "मला वाटत होतं, माझ्या वाटणीची माया तुम्ही जिन्यात वाटताय."

डॉक्टरीण बाईंनी पंप लिहून दिला, तो कसा ओढायचा ते दाखवलं, सपाटीवर हळूहळू रोज चालायला सांगितलं, आणि सिगारेटवर जे बोलायचं ते बोलल्या. "ओझं घेऊन तीन मजले चढणं बंद. दुखणं एकदम उसळलं तर काय कराल? मी लिफ्ट लिहून देऊ शकत नाही, काका."

"उसळलं तर कमोडांमधून खुर्चीत घालून उतरवतील यांना," बायको म्हणाली. "आणि त्या आधीच हे उतरणं सोडतील. बसतील खिडकीत कुंडीसारखे. सभेत सांगा आता. सगळ्यांना सांगा, मला श्वास पुरत नाही, मला लिफ्ट हवी."

"लोक काय म्हणतील?"

"आजवर कधी विचारलं होतंत?"

विचारलं नव्हतं. पण तेव्हा लोकांनी कधी नमस्कारही केला नव्हता.

सभा रविवारी सकाळी गच्चीवर. गच्ची शेटनेच ठरवली होती. अध्यक्ष सगळे मजले चढून वर येतील तेवढाच प्रचार. स्वतःची खुर्ची मात्र त्याने गड्याकडून आधीच वर चढवून घेतली होती. फोरमन बायकोचा हात धरून चढला. तिसऱ्या मजल्याच्या वर त्याच्या ओळखीचं दार नव्हतं, थांबायला निमित्त नव्हतं. गच्चीच्या दारात तो पोहोचला तेव्हा पाण्याच्या टाकीला टेकला आणि पुतळ्यासारखा उभा राहिला.

"बघा!" शेट ओरडला. "आले की नाही? हेच आपली लिफ्ट! बोला अध्यक्षसाहेब, दोन शब्द बोला!"

टाळ्या झाल्या. फोरमनचे ओठ हलले, आवाज आला नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. "भरून आलंय त्यांना," मास्तर हळूच म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. जुळ्यांच्या आईने मान खाली घातली. तिचा अर्ज म्हाताऱ्याच्या शिळेखाली चिरडला जाताना ती बघत होती.

"लिफ्ट... हवी," फोरमन म्हणाला. "मला... श्वास... पुरत नाही."

"काय विनय आहे!" शेट म्हणाला. "चौथ्या मजल्याच्या लेकरांसाठी स्वतःवर घेतायत! असा माणूस..."

फोरमनने बायकोकडे बघितलं. बायकोने भुवया उडवल्या, म्हणजे: बोला, खरं कोणी ऐकत नसेल तर तुमचं नेहमीचं बोला. मग फोरमनच्या आतला जुना फोरमन जागा झाला. हवा थोडीच होती, म्हणून शिव्या हप्त्याहप्त्याने आल्या.

"काकू. तुमचा गुडघा... गेला खड्ड्यात. मी थांबतो... धाप लागते म्हणून." श्वास. "नणंदेने कात्री नेली... नेऊ दे. दोघींची तोंडं... सारखीच." श्वास. "मास्तर. तुमचा गोवर... सातदा ऐकला. गोवराला... तुमच्यापेक्षा... जास्त अक्कल होती." श्वास. "शेट. तू तर... संडास विकतोस... आणि माणुसकी... तोंडाने काढतोस. मला कुणाची... काळजी नाही. तुम्ही सगळे... बडबडे. मी फक्त... उभा होतो."

आजाराचा कागद दाखवून जे झालं नसतं ते दोन मिनिटांत झालं होतं. आता त्या माणसाच्या चांगुलपणावर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

पहिला हात शिंपीणकाकूंचा वर गेला.

"बसवा लिफ्ट," त्या म्हणाल्या. "आजच्या आज बसवा. हा माणूस परत माझ्या दारासमोर उभा राहता कामा नये."

"अनुमोदन," मास्तर म्हणाले. "आणि माझ्या पुस्तकातलं 'एक देवमाणूस' हे प्रकरण मी आज फाडणार आहे."

हात भराभर वर गेले. इतक्या एकमताने ती इमारत आजवर कशालाच हो म्हणाली नव्हती. जुळ्यांची आई रडायला लागली. बायकोने नवऱ्याला खुर्चीत बसवलं, शेटच्याच खुर्चीत.

लिफ्ट मंजूर झाली, पण मंजूर झालेल्या लिफ्टने चढता येत नाही. कमोड हलले, खड्डा खणला, काम रखडलं. तोवर जिना तोच आणि फोरमनही तोच. फक्त दारं बंद झाली. त्याची पावलं वाजली की आतून कडी लागल्याचा आवाज यायचा. रस्त्यात घड्याळवाला भिंग डोळ्याला लावून बसायचा. फोरमन पंप ओढायचा, दोन पायऱ्या चढायचा, थांबायचा. उघडपणे धापा टाकायचा. लपवायचं काही उरलं नव्हतं आणि ज्याच्यापासून लपवावं असं माणूसही नव्हतं.

असाच एकदा तो पहिल्या मजल्यावर अडला. काकूंचं दार बंद. आत यंत्र खडखडत होतं. ते थांबलं.

"कोण? फोरमन?" आतून आवाज आला. "धाप आहे की विचारपूस?"

"धाप."

"खरी?"

"खरी."

आतली कडी निघाली. मग दार उघडलं आणि एक स्टूल बाहेर आलं. स्टुलामागून काकूंचा हात, हातामागून तोंड.

"बसा. आणि तोंड उघडाल तर स्टूल आत घेईन." त्या उंबऱ्याजवळच शिलाई घेऊन बसल्या, आणि त्याच्याकडे न बघता भिंतीला सांगायला लागल्या. "मला काय, कुणीतरी बसलेलं असलं म्हणजे झालं. भोपळा ठेवला असता तरी चाललं असतं. तर काल नणंदेचा फोन आला. म्हणते, वहिनी, कात्रीचं मनात ठेवू नका. मी म्हटलं, मनात कशाला ठेवू, मला ती हातात हवी. तर म्हणते कशी..."

खाली कुणीतरी हाक मारली, म्हणून काकू बोलता बोलता थांबल्या आणि कठड्यावरून वाकून बघू लागल्या. फोरमनची छाती केव्हाच जागेवर आली होती. वर जायला हरकत नव्हती. तो स्टुलावर बसून राहिला. काकू परतल्या, सुईत दोरा ओवायला लागल्या आणि पुढचं बोलेनात.

फोरमनने दोरा ओवून व्हायची वाट बघितली. मग राहवलं नाही.

"मग? दिली का कात्री त्या बाईने, की अजून लटकावून ठेवलंय?"